परसातील खोली

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



मंडळाने आम्हांस या वर्षी चार शब्द बोलावयास सांगितले, तेव्हा विषय निवडण्याची मोकळीक दिली होती. या व्यासपीठावरून शिक्षण, विवाह, उद्योगधंदा यांविषयी पुष्कळ बोलले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु आपल्या मंडळींच्या घरी जाणेयेणे होते, तेव्हा एक प्रश्न आमच्या कानी वारंवार पडतो. सभेत मात्र तो कोणी उच्चारीत नाही. घरातील कोणी वडीलधारे माणूस, आई, वडील, काकू किंवा आत्या, गावाकडे एकटे राहत आहे. गुडघे धरले आहेत, दृष्टी मंद झाली आहे. इकडे तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी आपल्या घरामागे थोडी मोकळी जागा आहे. तेथे एक खोली बांधून त्यांना आणावे काय, हा तो प्रश्न. आज त्याचाच विचार आपणांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रश्न एका खोलीचा म्हणून लहान वाटेल. पण तो घरोघरचा आहे. 2011 च्या जनगणनेत साठ वर्षे पूर्ण केलेल्या माणसांची संख्या देशात सुमारे 10 कोटी 38 लाख भरली होती, म्हणजे शंभरांत साडेआठांहून थोडी अधिक. माणसांचे आयुष्य वाढले ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु ज्या मोठ्या घरांत ही म्हातारी माणसे न विचारता सामावली जात, ती घरे वाटण्यांत, नोकऱ्यांत आणि बदल्यांत विखुरली. पूर्वी वृद्ध माणूस कोठे राहील, हे कोणाला ठरवावे लागत नसे. आता ते ठरवावे लागते, आणि बहुधा घाईघाईने, एखाद्या दुखण्याच्या किंवा पडण्याच्या निमित्ताने ठरवावे लागते. म्हणूनच याचा शांतपणे विचार आधीच झालेला बरा.

प्रथम परस या शब्दाचाच विचार करू. आपल्या जुन्या घरांची मांडणी आठवून पाहावी. अंगण, त्यानंतर ओटी किंवा ओसरी, मग माजघर, स्वयंपाकघर, आणि त्यामागे परसदार, असा क्रम कोकणात आणि देशावर थोड्याफार फरकाने सर्वत्र आढळे. घरातील वडील पुरुषाची बैठक ओटीवर असे. आल्यागेल्याची गाठ पहिल्याने त्यांच्याशी पडे. पोस्टमन, भिक्षुक, गडीमाणसे, सर्वांना त्यांच्या समोरून जावे लागे. त्यांचे हातपाय थकले तरी त्यांची जागा बदलत नसे. परसात काय असे? विहीर, न्हाणी, गोठा, सरपणाची खोप, केळीचे बेट आणि सर्वांत टोकाला शौचकूप. परस ही कामाची जागा होती, मानाची नव्हे.

दुसरी एक गोष्ट कटू आहे, पण ती बोलली पाहिजे. महाराष्ट्रातील पुष्कळ घरांत विधवा स्त्रियांचे सारे आयुष्य याच मागल्या अंगास गेले. पुढच्या दाराशी त्यांचे येणे अशुभ मानले जाई. मागल्या दारी दळण, कांडण, धुणे आणि चार भिंती एवढेच त्यांचे जग. धोंडो केशव कर्वे यांनी 1896 साली पुण्यात अनाथ बालिकाश्रम स्थापिला, तो अशाच स्त्रियांना शिकवून त्यांच्या पायांवर उभे करण्यासाठी. आज आपण निर्मळ मनाने म्हणतो, "मागे तुमच्यासाठी छानशी खोली बांधू." ऐकणारी स्त्री ऐंशी वर्षांची असेल, तर आपल्या आजीला मागल्या दारी बसलेली तिने लहानपणी पाहिलेली असण्याचा संभव आहे. आपण खोली म्हणतो, तिला मात्र ती जुनी जागा आठवते. आपला हेतू शुद्ध असला तरी शब्दाचा इतिहास आपल्या हाती नसतो.

याच्या उलट कोणी वानप्रस्थाचा दाखला देतील. तो दाखला आम्हांसही मान्य आहे. केस पिकले, नातवंडाचे मुख पाहिले की गृहस्थाने घराचा भार पुत्रावर सोपवून वनाची वाट धरावी, असे धर्मशास्त्रकारांनी सांगितले. पण तेथे निघावयाचे केव्हा आणि कोठे, हे निघणारा ठरवी. पुत्राने पित्यासाठी वन शोधून ठेवावे, असे कोणत्याही शास्त्रात सांगितलेले नाही. परसातील खोलीच्या बाबतीत आपण हाच भेद विसरतो.

आता आमच्या घरचे उदाहरण सांगतो. स्वतःच्या घरचे सांगण्याचा संकोच वाटतो. तथापि दुसऱ्याच्या घरचे सांगण्यापेक्षा ते बरे. आमच्या काकूंचे वय आज 81 वर्षांचे आहे. काका जाऊन बरीच वर्षे झाली, मूलबाळ नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील एका खेड्यात चार खणांच्या घरात त्या एकट्या राहतात. मागील हिवाळ्यात न्हाणीत पाय घसरून त्या पडल्या आणि उजवे मनगट मोडले. सकाळी दूध घालावयास आलेल्या मुलाने हाक मारली, तेव्हा शेजाऱ्यांना कळले. आम्ही तिघे पुतणे. एक पुण्यास, एक ऑस्ट्रेलियात आणि आम्ही जवळच्या तालुक्याच्या गावी. आमच्या घरामागे सुमारे 25 फूट रुंद आणि 20 फूट खोल अशी मोकळी जागा आहे. तिघांचे बोलणे झाले आणि असे निघाले की, गावचे घर विकावे, त्या पैशांतून मागे खोली बांधावी आणि काकूंना कायमचे आणावे. योजना सुटसुटीत होती.

काकूंना ती सांगितली. त्यांनी सर्व ऐकून घेतले आणि विचारले, "अरे, खोली बांधाल ते खरे, पण ती कुणाची? माझी की तुमची? माझे देव कुठे बसतील? आणि तिथे जीव रमला नाही, तर मी परत कुठे जायचे?"

त्याच रात्री आमच्या पत्नीने चौथा प्रश्न विचारला. ती म्हणाली, "काकूंना आणायचेच आहे, त्यात दुमत नाही. पण मागच्या खोलीत खेपा कोण घालणार, हे एकदा मोजा."

हे चार प्रश्न आम्हांस इतके महत्त्वाचे वाटतात की, आजच्या व्याख्यानाची विभागणीही त्यांच्यावरूनच करीत आहो.

पहिला प्रश्न, खोली कुणाची. आपल्याकडे घरात कागद करणे म्हणजे अविश्वास दाखविणे, अशी समजूत आहे. ती टाकून दिली पाहिजे. जमीन पुतण्याची, बांधकामाचा पैसा काकूचा आणि कागद कोणताच नाही, अशा स्थितीत सर्व सुरळीत आहे तोवर काही बिघडत नाही. पण पुतण्याचे काही बरेवाईट झाले, घराच्या वाटण्या झाल्या, किंवा पुढील पिढीचे मन बदलले, तर त्या वृद्ध स्त्रीच्या हाती काय उरते? आपला पैसा दुसऱ्याच्या जमिनीत घालून ती आश्रित ठरते.

या बाबतीत कायदा काय सांगतो हे प्रत्येक कुटुंबास ठाऊक असावे. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाविषयीचा कायदा संसदेने 2007 साली केला. त्यानुसार साठ वर्षांवरील ज्या व्यक्तीस स्वतःच्या उत्पन्नातून वा मालमत्तेतून आपला निर्वाह करता येत नाही, तिला तो मुलांकडून मागता येतो. त्यासाठी उपविभागीय पातळीवर न्यायाधिकरण आहे. आमच्या काकूंसारख्यांना मूल नाही म्हणून कायदा त्यांना सोडून देत नाही. ज्या नातेवाइकाच्या ताब्यात त्यांची मालमत्ता आहे, किंवा वारसाने ज्याला ती मिळणार आहे, त्याच्यावर, त्याची ऐपत असल्यास, निर्वाहाची जबाबदारी येते. म्हणजे घर आमच्याकडे येणार असेल, तर काकूही आमच्याकडे येतात, असा त्याचा साधा अर्थ आहे.

याच कायद्याचे 23 वे कलम विशेष ध्यानात ठेवावे. वृद्ध माणसाने आपली मालमत्ता कोणास बक्षीस म्हणून किंवा अन्य रीतीने दिली आणि घेणाऱ्याने आपल्या मूलभूत गरजा भागवाव्यात अशी अट घातली, पण घेणाऱ्याने ती पाळली नाही, तर तो व्यवहार फसवणुकीने झाला असे मानून न्यायाधिकरणास तो रद्द ठरविता येतो. मात्र अशी अट होती हे दिसले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 च्या डिसेंबरातील एका निकालात सांगितले. पुढे 2025 च्या जानेवारीत त्याच न्यायालयाने, हा कायदा वृद्धांच्या हितासाठी असल्याने त्याचा अर्थ उदारपणे लावावा, असे म्हणून एका आईने मुलास दिलेले बक्षीसपत्र रद्द ठरविले आणि जागेचा ताबा तिला परत देण्यास सांगितले. यातून घ्यावयाचा बोध एवढाच की, अट तोंडी ठेवू नये. हयातभर राहण्याचा हक्क, पैसा कोणी किती घातला, आणि पुढे खोलीचे काय व्हावयाचे, हे जाणत्या वकिलाकडून लिहवून रीतसर नोंदवावे.

असे लिहून ठेवणे म्हणजे प्रेम आटणे नव्हे. जर्मनी व ऑस्ट्रिया या देशांतील शेतकऱ्यांत पिढ्यान् पिढ्या अशी चाल होती की, वृद्ध शेतकरी शेत मुलाच्या स्वाधीन करी आणि त्याच वेळी करारात लिहून घेई. राहावयास अमुक खोली किंवा शेतावरील लहान घर, अमुक मापाचे धान्य, दूध, सरपण. तेथेही बापलेकच होते. काय द्यावयाचे ते एकदा लिहिलेले असले, म्हणजे रोज मागावे लागत नाही. आणि म्हातारपणी मागावे लागणे हेच माणसाच्या जिवाला सर्वांत अधिक लागते.

दुसरा प्रश्न, देव कोठे बसतील. आम्हांस प्रथम वाटले, काकू देव्हाऱ्याच्या जागेविषयी विचारीत आहेत. त्या विचारीत होत्या घरातील आपल्या जागेविषयी. ज्या घरात त्यांचे देव आमच्या देवांशेजारी बसतील, त्या घरात त्या घरच्या. देव खोलीत वेगळे बसले, तर त्याही वेगळ्या. चुलीचेही तसेच आहे. आपल्या भाषेत चूल वेगळी झाली म्हणजे घर फुटले. म्हणून खोलीत चहा करण्यापुरता ओटा जरूर असावा, पाहुण्यास आपल्या हातचा चहा देण्याची हौस म्हाताऱ्या माणसासही असते. पण दोन वेळचे पान घरातच, सर्वांच्या पंक्तीस मांडले जावे. खोलीला आतून कडी असावी, किल्ली त्यांच्या कनवटीला असावी, आणि नातवंडांनीसुद्धा दार वाजवून आत जावे.

खोली कोठे आणि कशी, हाही या प्रश्नाचाच भाग आहे. येथे काही मापे सांगतो. बांधणाऱ्यांनी ती टिपून ठेवावीत. 12 फूट बाय 10 फुटांची खोली, तिला लागून 8 फूट बाय 5 फुटांचे न्हाणीघर व शौचालय एकत्र, आणि पुढे बसण्यापुरती 10 फूट बाय 4 फुटांची पडवी, असे मिळून 200 चौरस फूट आतील जागा होते. एका माणसास ती पुरे. दाराची रुंदी निदान तीन फूट असावी, म्हणजे पुढे चाकांची खुर्ची आणावी लागली तर ती आत जाईल. अशी खुर्ची वळावयास पाच फूट व्यासाची मोकळी जागा लागते. न्हाणीतील फरशी खडबडीत असावी आणि शौचालयात उंच बैठक व भिंतीस पक्के बसविलेले दांडे असावेत. उंबरठा ठेवू नये. बिछान्यावरून हात पोहोचेल अशा ठिकाणी दिव्याचे बटण आणि घरात वाजेल अशी घंटा असावी.

जोत्याच्या बाबतीत एक अडचण येते. पाणी व सरपटणारे प्राणी आत येऊ नयेत म्हणून आपण जोते दीड फूट उंच घेतो. पण पायऱ्या चढवेनाशा झाल्यावर उतार लागतो आणि एक फूट चढण्यास बारा फूट लांबी, हे उताराचे सर्वमान्य प्रमाण आहे. म्हणजे दीड फुटाच्या जोत्याला 18 फुटांचा उतार हवा. आमचे परस अवघे 20 फूट खोल. नकाशावर हे मांडले तेव्हा खोलीपेक्षा उतारच मोठा दिसू लागला. सांगण्याचा मुद्दा असा की, खोली आजच्या चालत्याबोलत्या काकूंसाठी बांधू नये. ज्या दिवशी त्यांना उठवून बसवावे लागेल, त्या दिवसासाठी बांधावी. तसे जागेत बसत नसेल, तर बांधूच नये.

छपराविषयीही सांगावयाचे आहे. खर्च वाचावा म्हणून मागील खोलीवर पत्रा घालण्याची चाल आहे. देशावर आणि विदर्भात पत्र्याखालील वैशाखातील दुपार तरुणासही सोसत नाही. कोकणात पावसाचा त्यावरील आवाज असा की, आत मारलेली हाक बाहेर ऐकू येणार नाही. रत्नागिरीसारख्या ठिकाणी वर्षाला 3000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक चार महिन्यांत पडतो. घराचे मागील दार आणि खोली यांमध्ये छप्पर नसेल, तर पंधरा पावलांचे अंतर पावसाळ्यात पार करणे वृद्ध माणसास कठीण होते. आणखी असे की, घराची मागील बाजू पुष्कळदा उताराची, ओढ्यानाल्याच्या अंगाची असते. 2019 च्या ऑगस्टात सांगली-कोल्हापुरात आणि 2021 च्या जुलैत चिपळूणात पाणी कसे चढले, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. अशा रात्री घरातील माणसे माडीवर जातात. मागच्या खोलीतील म्हाताऱ्या माणसास माडीवर कोण आणि केव्हा नेणार, याचे उत्तर नकाशा काढण्यापूर्वी हवे.

परवानगीचेही विसरू नये. घराच्या बाजूंना सोडलेली मोकळी जागा नियमानेच सोडलेली असते, ती आपली म्हणून वाटेल तशी बांधता येत नाही. 2020 पासून मुंबई व काही थोडी क्षेत्रे वगळता राज्यात एकच विकास नियंत्रण नियमावली लागू झाली आहे. तिच्याप्रमाणे आपल्या भूखंडावर किती बांधता येते, हे नगरपरिषदेत किंवा परवानाधारक अभियंत्याकडे विचारून घ्यावे. मिळकत सामाईक असेल, तर सर्व हिस्सेदारांची लेखी संमती घ्यावी. बेकायदा खोलीत म्हातारपण घालविण्याची पाळी कोणावर आणू नये.

तिसरा प्रश्न, जीव रमला नाही तर परत कोठे जायचे. याचे उत्तर सोपे आहे, पण तिकडे कोणाचे लक्ष जात नाही. जुने घर आधी विकू नये. वृद्ध माणसाला जागा बदलणे म्हणजे केवळ चार भिंती बदलणे नव्हे. विहिरीवरची बोलणारी माणसे, देवळाची वाट, अंधारातही हाताला सापडणारी खुंटी, हे सर्व त्याच्या मागे राहते. म्हणून बांधण्यापूर्वी एक पावसाळा किंवा एक उन्हाळा त्यांना आपल्या घरात, असेल त्या खोलीत, राहावयास आणावे. चार महिन्यांत दोन्ही बाजूंना पुष्कळ कळते. काही ठिकाणी असेही कळेल की, नवी खोली नकोच. गावच्या घरातच शौचालय आत घ्यावे, दांडे बसवावे, रात्री सोबतीला एखादी बाई ठेवावी, एवढ्याने काम भागते, आणि खर्चही कमी येतो.

येथे एका हिशेबाविषयी सावध करावेसे वाटते. "खोली पुढे भाड्याने देता येईल" किंवा "मुलाच्या अभ्यासाला होईल" असे बोलणे आम्ही पुष्कळ घरांत ऐकले आहे. हिशेब चुकीचा नाही. पण जिच्यासाठी बांधावयाची तिच्या समोर, तिच्या मागून त्या खोलीचे काय करावयाचे हे बोलले गेले, तर त्या खोलीत तिला झोप कशी लागावी?

चौथा प्रश्न, खेपा कोण घालणार. आमच्या पत्नीने मोजले ते असे. सकाळचा चहा, न्हाणीचे पाणी, नाश्ता व औषध, दुपारी जेवणासाठी आधार देऊन आणणे व पोहोचविणे, तिसऱ्या प्रहरी पुन्हा चहा, दिवेलागणी, रात्रीचे जेवण, निजतेवेळचे औषध, आणि रात्री एकदा उठून पाहणे. म्हणजे ज्या दिवशी सर्व ठीक आहे, त्या दिवशीही नऊ-दहा खेपा. हीच खोली घराला लागून, घरातूनच दार असलेली असेल, तर यांतील निम्म्या खेपा जातायेता होऊन जातात. पुरुषमंडळी जागा, सिमेंट आणि पैसा यांचा विचार करतात. सेवेचा भार बहुधा सुनेवर पडतो आणि तिला विचारले जाते सर्वांत शेवटी. ज्या घरात सुनेचे मत पहिल्या दिवशी घेतले जात नाही, त्या घरातील खोलीचा उपयोग होईल की नाही, याची आम्हांस शंका वाटते. आणि खेपा मुलांनी, नातवंडांनीही घालाव्यात. ते कामही आहे आणि संस्कारही आहे.

आपल्यापैकी काहींची मुले परदेशी आहेत. त्यांच्यासाठी एक शब्द. ऑस्ट्रेलियातील न्यू साऊथ वेल्स राज्यात घरामागे साठ चौरस मीटरपर्यंतचे दुसरे लहान घर बांधण्याची सोय नियमांत आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात 2017 पासून अशा घरांचे नियम बरेच सैल झाले. आमच्या बंधूंनीही काकूंसाठी तिकडचा विचार बोलून दाखविला. तेथील खोल्या आपल्यापेक्षा नीट बांधलेल्या असतील, यात संशय नाही. परंतु ज्या वस्तीत मोटारीवाचून दुकानही गाठता येत नाही आणि दिवसभर आपली भाषा कानी पडत नाही, तेथे मागील अंगणातील सुंदर घरसुद्धा वृद्ध माणसास एकटे पाडू शकते. हे चार प्रश्न तेथेही तसेच विचारावयास हवेत. चौथा तर अधिकच, कारण तेथे पतिपत्नी दोघेही दिवसभर कामावर असतात.

आमच्या घरी काय ठरले, हे सांगणे प्राप्त आहे. काकू जूनमध्ये आमच्याकडे आल्या आणि पुढच्या दालनालगतच्या खोलीत राहिल्या. त्यांचे देव आमच्या देव्हाऱ्यात बसले. गणपतीला त्या आपल्या घरी गेल्या आणि आम्ही सर्व त्यांच्या घरी पाहुणे म्हणून गेलो. परतताना त्यांनीच आपला निर्णय सांगितला. पाय चालत आहेत तोवर पावसाळा व थंडी आमच्याकडे आणि उन्हाळा स्वतःच्या घरी. खोली बांधावयाची, पण परसात नव्हे. घराच्या पूर्वेकडील अंगास, रस्ता दिसेल अशी आणि घरातून दार असलेली. गावचे घर विकावयाचे नाही. तेथील न्हाणी दुरुस्त करावयाची. खर्च तिघा पुतण्यांनी वाटून घेतला असून राहण्याच्या हक्काचा कागद वकिलाकडे तयार होत आहे. नकाशा मंजुरीसाठी दिला आहे. सर्वांनी असेच करावे, असे आमचे म्हणणे नाही. एखाद्या घरी परसातील खोलीच योग्य ठरेल. एखाद्या निवृत्त गृहस्थास स्वतःचे दार, स्वतःची बाग आणि थोडा एकांत हवाहवासा वाटेल. त्याने स्वतःच तसे मागितले, तर ती खोली अवश्य बांधावी. आमचा आग्रह एवढाच की, जो त्या खोलीत राहणार त्याने हो म्हटल्यावाचून पायाचा पहिला दगड पडू नये, आणि नाही म्हणण्याची मोकळीक त्याला खरोखरच असावी.

शेवटी मंडळास तीन सूचना करावयाच्या आहेत. पहिली, आपल्या सभासदांत वकील, अभियंते व डॉक्टर आहेत. त्यांपैकी जे महिन्यातून एक दिवस वृद्धांच्या घराविषयी विनामूल्य सल्ला देण्यास तयार असतील, त्यांची यादी पुढील स्मरणिकेत छापावी. दुसरी, चाकांची खुर्ची, दवाखान्यातल्यासारखी खाट, आधाराची काठी असे साहित्य मंडळाने घेऊन ठेवावे आणि गरजू घरांस वापरावयास द्यावे. अशा वस्तू एका घरी काही महिनेच लागतात आणि पुढे माळ्यावर पडून राहतात. तिसरी, विद्यार्थ्यांसाठी जसा निधी आहे, तसा न्हाणीघर दुरुस्तीसाठी बिनव्याजी कर्जाचा लहानसा निधी उभारावा. खोली बांधण्याची ऐपत सर्वांची नसते. पण एक दांडा, एक दिवा आणि खडबडीत फरशी यांनी पुष्कळ हाडे वाचतील. या निधीस आरंभ म्हणून आमच्या कुटुंबातर्फे यथाशक्ति रक्कम आजच कोषाध्यक्षांकडे देत आहो.